लेहऱ्यातला पेटीवाला कुठं अडतो?

इंदुरात तबल्याच्या रियाजाला लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी धून, धरणारा माणूस रोज मिळत नाही, म्हणून आमच्यातले बरेच जण लेहरा कॉम्प्युटरवरच बांधतात. त्रितालाच्या 16 मात्रा, पेटीचा आवाज, झालं. माझ्या जुन्या मशीनवर मात्र दर तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला एखादा सूर जरासा मागे पडायचा. गुरुजी कायदा वाजवता वाजवता थांबले नि म्हणाले, "तुझ्या पेटीवाल्याला डुलकी लागते रे!"

या डुलकीचा इतिहास 1983 पासूनचा. त्या साली मिडी आलं, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा हे वाद्यांना नि कॉम्प्युटरला तारेतून कळवायची भाषा. सेकंदाला 31,250 बिट्स, आणि एका सुराच्या निरोपाला तीन बाइट, म्हणजे सुमारे 1 मिलिसेकंद. दहा सूर एकदम वाजवायचे म्हटले तरी तारेतून ते एकामागून एकच निघतात. दहावा पोचेपर्यंत 10 मिलिसेकंद होतात. एकट्या पेटीला हे खुपत नाही, अख्खा वाद्यवृंद एका तारेवर टांगला की खुपतं.

1985 च्या अटारी एसटी या कॉम्प्युटरला मिडीची भोकं अंगातच होती आणि तो एका वेळी एकच काम करायचा. म्हणून वेगवान पीसी आल्यावरही कित्येक संगीतकारांनी तो सोडला नाही. विंडोजच्या मागे शंभर कामं. तिथला घड्याळाचा ठोका न सांगता साधारण 15.6 मिलिसेकंदांनी पडतो. मागितला तर 1 मिलिसेकंदाचाही मिळतो, पण ऐन वेळी प्रोसेसर दुसऱ्याच कामात असला तर सूर ताटकळतो. प्रश्न वेगाचा नव्हताच, पाळीचा होता.

उतारा मिळाला तो 'आत्ता वाजव' म्हणणं सोडल्यावर. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, पहिल्या मात्रेवर येणं; ती घेणारा समेवरून मागे मोजून उठतो, तसंच हे. साउंड कार्डाचं स्वतःचं घड्याळ सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे बारीक तुकडे, मोजतं. 512 नमुन्यांचा बफर, म्हणजे आगाऊ भरून ठेवायचा साठा, 11.6 मिलिसेकंदांचा, तो वाजण्याआधीच सॉफ्टवेअर भरून ठेवतं आणि सूर कितव्या नमुन्यावर पडायचा ते आधीच ठरतं. सॉफ्टवेअरला साउंड कार्डाशी थेट जोडणाऱ्या 1997 च्या एसिओमुळे छोटे बफर परवडू लागले. व्हीएसटी म्हणजे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वाद्यं, जोडायची पद्धत; 1999 च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक सुरासोबत बफरमधली त्याची जागाही जाऊ लागली. ती जागा न बघणारा प्लगइन आजही सूर बफरच्या तोंडाशीच टाकून मोकळा होतो.

आमच्या गावाचं दुखणं आणखी वेगळं. इथं वाढलेले ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब यांचा अतिविलंबित, म्हणजे फारच संथ लयीतला झुमरा ताल ज्यांच्या कानात आहे, त्यांना मिनिटाला 120 ठोक्यांची लय काय कामाची? सूर क्रमाने वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे सीक्वेन्सरची टिक (वेळ मोजायचा त्याचा सगळ्यात छोटा तुकडा) ठोक्याला बांधलेली असते. ठोक्याला 96 टिका धरल्या तर 120 च्या लयीत दोन टिकांमधलं अंतर 5 मिलिसेकंद, पण मात्रा 4 सेकंदांची केली की 42! ठेक्यातला हाताने वाजवलेला तिरकिट हा भरभर बोल तिथं जवळच्या टिकेला चिकटतो आणि लंगडतो. म्हणून मी झुमऱ्याच्या एका मात्रेला चार ठोके धरतो आणि लय 60 वर ठेवतो. सॉफ्टवेअर बिचारं 56 ठोके मोजतं, गुरुजी 14 मात्रा.