जांघेतली वाट बंद असेल तेव्हा

चिपळूण किंवा कणकवलीच्या डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या अनियमित धडधडीसाठी) अ‍ॅब्लेशन (धडधडीचं मूळ आतून नळी घालून निकामी करण्याचा उपचार) सुचवलं, की पेशंट मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतो. तिथे क्वचित एखाद्याला कळतं, की जांघेतून कॅथेटर, म्हणजे ती नळी, नेता येणार नाही. जुन्या गुठळीने शीर बुजलेली असते, किंवा पोटातली महाशीर जन्मतःच अर्धवट असते. मग घरचे आशा सोडतात. त्यांच्यासाठी हा इतिहास.

हृदयात जायची पहिली वाट जांघेतून नव्हतीच. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हृदयात नळी सरकवली ती हाताच्या शिरेतून. जांघेला महत्त्व आलं १९५९नंतर, दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा सुईने भेदून डावीकडे जाण्याचं तंत्र आलं तेव्हा. खालची, म्हणजे पोटातली, महाशीर थेट त्या पडद्याच्या पातळ भागाकडेच तोंड करून उघडते. गर्भात आईकडून आलेलं रक्त त्याच दिशेने डावीकडे जातं. मानेतून उतरलेली सुई मात्र पडद्याला समांतर राहते आणि घसरते. १९९८मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरात मिशेल हाइसागेर यांच्या गटाने दाखवलं, की ही अनियमित धडधड बहुतेकदा फुप्फुसातून येणाऱ्या शिरांमध्ये सुरू होते. त्या शिरा डाव्या कप्प्यात उघडतात, म्हणून अ‍ॅब्लेशननेही जांघेचीच वाट धरली.

मानेच्या वाटेचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या देशातला आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही याची खंत वाटते. संधिवाती तापाने आकसलेली, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप फुग्याने उघडताना वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात मानेच्या शिरेतून पडदा भेदून दाखवला. पुढे रेडिओफ्रिक्वेन्सीवर चालणारी सुई आली. ती जोर न लावता उष्णतेने भोक पाडते, त्यामुळे घसरण्याची अडचण बरीच कमी झाली.

तिसरी वाट यकृतातून, लहान मुलांच्या हृदयोपचारांतून आलेली. बरगड्यांमधून सुई यकृताच्या शिरेत जाते आणि तिथून पुन्हा खालून, सोयीच्या कोनात, पडदा गाठता येतो. धोका रक्तस्रावाचा, कारण पेशंटला रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात. म्हणून बाहेर पडताना यकृतातला मार्ग कॉइल (तारेचं वेटोळं) किंवा प्लग (बूच) घालून बंद करतात. हे काम मोजक्याच केंद्रांत होतं. पायात पूर्वी गुठळी झाली असेल, तर तिचे डॉप्लर (शिरांच्या सोनोग्राफीचे) रिपोर्ट पहिल्याच भेटीत दाखवावेत. वाट आधी ठरवता येते.