'मेंटेनन्स' म्हणजे नक्की काय? इंदूरच्या लेसर-तंत्रज्ञांच्या कामाची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये लेसर यंत्रांवर राबणाऱ्या माणसाला त्याचे काम विचारले, तर उत्तर बहुधा एका शब्दात येते: मेंटेनन्स. सांवेर रोडवरचे पत्रा कापणारे यंत्र असो, सराफ्यातले दागिन्यावर खूण उमटवणारे असो, नाहीतर प्रयोगशाळेतले ऑप्टिकल टेबल असो. झाकण उघडून आत हात घालतो तो 'मेंटेनन्सवाला'. पगार, डोळ्यांवरचा चष्मा आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, या तिन्ही गोष्टी आज या एका शब्दावर येऊन अडतात.

देशातल्या लेसरच्या कामाचा आरंभ तुर्भ्याचा, म्हणजे मुंबईतल्या अणुसंशोधन केंद्राचा. 1960 च्या दशकाच्या मध्यावर तिथे गॅलियम आर्सेनाइडचा लेसर बनला आणि त्याच्या जोरावर तुर्भे ते कुलाबा असा सुमारे 20 किलोमीटरचा प्रकाशदुवा जोडला गेला. इंदूरची पाळी बरीच उशिरा आली. फेब्रुवारी 1984 मध्ये सुखनिवास तलावाजवळ प्रगत तंत्रज्ञानाच्या नव्या केंद्राची (इंग्रजी आद्याक्षरांत 'कॅट') कोनशिला बसली आणि जून 1986 मध्ये तुर्भ्याच्या लेसर विभागातली पहिली तुकडी इथे राहायला आली. 2005 मध्ये केंद्राचे नाव बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झाले. शहर मात्र त्याला अजून कॅटच म्हणते, आणि तिकडे जाणारा रस्ता कॅट रोडच राहिला.

1986 नंतरच्या पंधरा वर्षांत या कामाची घडण झाली. शहरातली एक मोठी कापड गिरणी डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली, बाकीच्याही एकेक करून थंडावल्या. रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगरातल्या मराठी घरांतून आयटीआय करून निघालेल्या मुलांपुढे तेव्हा पीथमपूरचे कारखाने होते, आणि काहींपुढे लेसर. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन असे शिकलेल्या मुलांना लेसरचे शिक्षण कोणी वर्गात बसवून दिले नाही. काचेला बोट लावायचे नाही, हा पहिला धडा. घामाचा ठसा आरशावर राहिला, तर पहिल्याच जोरदार बीममध्ये तो तिथेच जळतो आणि आरशाचा लेप उडतो. लेन्स-टिश्यूवर ॲसिटोनचा एक थेंब टाकून कागद काचेवरून एकाच दिशेने, एकदाच ओढायचा आणि फेकून द्यायचा. तोच कागद परत फिरवला की धुळीचा कण काचेवर ओरखडा काढतो. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात खिडकीच्या फटीतूनही आत येते, त्यामुळे हे एक काम शिकायला महिने लागत.

तेव्हाचा घन-लेसर म्हणजे दिव्यावर चालणारा याग, स्फटिकाच्या कांडीतून किरण काढणारा. एका कांडीशेजारी क्रिप्टॉनचा किंवा झेनॉनचा दिवा, दोन्हींना वेढणारी परावर्तक पोकळी आणि सगळ्यांतून खेळणारे आयनरहित पाणी. हे पाणी दिव्याच्या इलेक्ट्रोडला लागून वाहते, म्हणून ते साधे चालत नाही. टाकलेल्या विजेपैकी दोन-तीन टक्केच प्रकाश होऊन बाहेर पडे, बाकी सगळी उष्णता. दिवा काहीशे तासांत संपे. तो बदलायचा, पाण्याची गळती पाहायची, मग आरसे पुन्हा रांगेत आणायचे. रांग लावायला हीलियम-निऑनचा लाल किरण, आणि खरा बीम कसा पडतो ते पाहायला काळा करून ठेवलेला फोटोपेपर. त्यावर शॉट मारून उमटलेल्या डागाच्या आकारावरून जुने हात सांगत की मागचा आरसा किती सरकला आहे. ही विद्या वहीत उतरवलेली नव्हती. दिव्याला वीज पुरवणाऱ्या कपॅसिटरच्या पेट्या यंत्र बंद झाल्यावरही भरलेल्या असत. अर्थिंगचा दांडा टेकवल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा नियम सगळ्यात कडक होता, आणि बरोबरच होता. लेसरच्या कामात डोळ्याची इजा किरणाने होते, पण जीव जाण्याची भीती विजेची जास्त.

याच यागचा प्रकाश पुढे काचेच्या तंतूतून वाहून नेता येऊ लागला आणि लेसर दूर ठेवून जिथे माणसाने फार वेळ उभे राहू नये अशा जागी, अणुभट्टीच्या देखभालीतही, कापणी होऊ लागली. इथल्या तंत्रज्ञांच्या हाताला त्या काळात जे वळण लागले, त्याची वाखाणणी व्हावी तितकी झाली नाही, असे मला वाटते. केंद्राची ओळख सांगताना 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सिंक्रोट्रॉनचे (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचे) कौतुक होते, दिवा बदलणाऱ्याचे होत नाही.

आता त्या शब्दाकडे वळू.

लेसर उत्पादनांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानकात यंत्राला 1 ते 4 असे वर्ग दिलेले आहेत. 2001 मध्ये जुना 3ए वर्ग निघाला आणि 1एम, 2एम, 3आर असे नवे आले. दिसणारा, एक मिलिवॅटपर्यंतचा सतत किरण वर्ग 2 मध्ये बसतो, कारण पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते, यावर भरवसा ठेवला आहे. अर्ध्या वॅटच्या वरचा सतत किरण वर्ग 4 मध्ये जातो. इथवर कोणाचे दुमत नाही. घोळ होतो तो हा वर्ग यंत्राला कोणत्या अवस्थेत दिला, या प्रश्नावर. मानकात तीन वेगळ्या संज्ञा आहेत: ऑपरेशन, मेंटेनन्स आणि सर्व्हिस. ऑपरेशन म्हणजे यंत्राने आपले नेमून दिलेले काम करणे. मेंटेनन्स म्हणजे वापरणाऱ्याच्या पुस्तिकेत सांगितलेली, त्यानेच करायची निगा. सर्व्हिस म्हणजे सर्व्हिसच्या पुस्तिकेतली कामे, ज्यांनी यंत्राचे वागणेच बदलू शकते: ट्यूब बदलणे, आतले आरसे हलवणे, इंटरलॉक (झाकण उघडताच किरण बंद करणारी कळ) ओलांडून झाकण उघडे ठेवून बीम सोडणे. यंत्रावरच्या स्टिकरचा आकडा ऑपरेशनच्या अवस्थेतला असतो. सर्व्हिसच्या वेळी आतून काय बाहेर पडते, हे तो सांगत नाही.

म्हणजे स्टिकरवर 'वर्ग 1' असलेल्या बंद पेटीत काही किलोवॅटचा, वर्ग 4 चा लेसर असू शकतो, आणि असतोच. बटण दाबणाऱ्या ऑपरेटरसाठी ती पेटी खरोखर निर्धोक आहे. झाकण उचलणाऱ्यासाठी तो आकडा लिहिलेलाच नाही.

आपल्या बोलीत या दोन शब्दांची चक्क अदलाबदल झाली. गाडी 'सर्व्हिसिंगला' टाकली म्हणजे तेल बदलले, धुतली, वंगण दिले, अर्थात रोजची निगा. 'मेंटेनन्स' म्हटले की बिघडलेले सगळे नीट करणारा विभाग, गिरणीतला किंवा कारखान्यातला. मानकात नेमके उलटे आहे. पीथमपूरच्या कारखान्यातला मेंटेनन्स विभाग मोटारी, पंप, बेल्ट सांभाळत मोठा झाला. पहिले लेसर यंत्र आले तसे तेही त्याच विभागाच्या ताब्यात गेले, आणि पुरवठादाराशी करार झाला तो 'ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट' नावाचा. फिल्टर झटकणे आणि रेझोनेटर, म्हणजे किरण जिथे तयार होतो तो आरशांमधला भाग, उघडणे ही दोन्ही कामे एकाच मथळ्याखाली आली, आणि मालक म्हणू लागले, मेंटेनन्सच तर आहे, आपला पोरगा करून टाकेल.

यावर मालकांचे म्हणणेही आहे. बाहेरून इंजिनिअर यायला दोन दिवस लागतात, तोवर यंत्र उभे, आणि काचेच्या ट्यूबच्या स्वस्त कार्बन डायऑक्साइड यंत्रांच्या पुस्तिकेत आरसे जुळवण्याची कृती वापरणाऱ्यासाठीच छापलेली असते. हा शेवटचा मुद्दा खोटा नाही. आरशाच्या पुढे टेप चिकटवा, हलका शॉट मारा, डाग मधोमध येईपर्यंत स्क्रू फिरवा, असे त्यात सरळ लिहिलेले असते. पण पुस्तिकेत छापल्याने काम निगेचे होत नाही. झाकण उघडे, मागे विसेक किलोव्होल्टचा पुरवठा, बीम डोळ्याला न दिसणारा. माझ्या मते ही सर्व्हिसच आहे, आणि पुस्तिका लिहिणाऱ्यांनी ती वापरणाऱ्याच्या गळ्यात घातली आहे. डोळ्यांचे बरेच अपघात नेमके अलाइनमेंटच्या, म्हणजे आरशांची रांग लावण्याच्या वेळी होतात, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. कारणही साधे आहे: चष्मा घातला की रांग लावायचा ठिपका दिसत नाही, म्हणून तो क्षणभर काढला जातो.

गेल्या दहा-बारा वर्षांत हा घोळ जास्त महाग पडू लागला, कारण यंत्रे बदलली. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन. तो किरण साध्या ॲक्रिलिकच्या झाकणात शोषला जातो, आणि डोळ्यात गेलाच तर पुढच्या पारदर्शक पटलावर थांबतो. फायबर लेसर, ज्यात किरण काचेच्या तंतूतच तयार होतो, 1.07 मायक्रॉनच्या आसपास. तो तेच स्वच्छ ॲक्रिलिक पार करतो, आणि डोळ्याचे भिंग त्याला थेट दृष्टिपटलावर एकवटते. पापणी मिटत नाही, कारण काही दिसतच नाही. दुखतही नाही. सांवेर रोडवरच्या एका शेडमध्ये जुन्या यंत्राची ॲक्रिलिकची खिडकी काढून नव्या फायबर यंत्राला बसवलेली मी पाहिली आहे. बसवणाऱ्याने निगुतीने बसवली होती, कडेने रबरही लावले होते. चष्म्यांचेही तेच झाले. काचेवर कोरलेला तरंगलांबीचा पट्टा न वाचता 'लेसरचा चष्मा' म्हणून एकच चष्मा सगळीकडे फिरत असे. चष्म्यावर ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, प्रकाश अडवण्याचे माप) 6 म्हणजे प्रकाशाचा दहा लाखावा भाग आत येणार, पण तो फक्त लिहिलेल्या पट्ट्यात. दुसऱ्या पट्ट्यात तोच चष्मा निव्वळ रंगीत काच.

फायबर यंत्रात दिवा नाही, कांडी नाही, रांग लावायचे आरसे जवळजवळ नाहीत. विजेचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, प्रकाश होऊन बाहेर येतो. त्यामुळे कामच उरले नाही, असा समज पसरला. काम उरले, पण ते कटिंग हेडच्या टोकाशी येऊन बसले: कव्हर ग्लास (लेन्सला झाकणारी रक्षक काच) बदलणे, नोझलच्या मधोमध बीम आणणे, पावसाळ्यात चिलरचे पाणी दवबिंदूच्या खाली जाऊ न देणे, नाहीतर काचेवर दव धरते आणि पहिल्या शॉटला काच जाते. कव्हर ग्लास बदलणे ही निगा. त्याच्या वरची लेन्स काढणे ही सर्व्हिस. दोहोंमध्ये अंतर बोटभर.

सराफ्याच्या परिसरात हा प्रश्न पोचला तो हॉलमार्कमुळे. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळख-खूण 2021 पासून आली आणि 1 एप्रिल 2023 पासून तिच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येईनासा झाला. ही खूण लेसरने उमटते. त्यासाठीचे यंत्र टेबलावर मावणारे, बहुधा वीसेक वॅटचे असते. पेटीबंद घेतले तर वर्ग 1, उघडे घेतले तर वर्ग 4. आतला लेसर एकच. अंगठी नीट बसत नाही म्हणून पेटीचे दार काढून ठेवले की पहिल्याचे दुसरे होते, आणि स्टिकर तसाच राहतो.

मराठीत 'निगा' हा शब्द आयता पडला आहे. ती ॲक्रिलिकची खिडकी जिथे पाहिली, त्या शेडमधल्या जुन्या तंत्रज्ञाने यंत्राच्या रजिस्टरात 'मेंटेनन्स' हा रकाना खोडून दोन रकाने पाडले आहेत, निगा आणि सर्व्हिस. निगेखाली ऑपरेटरही सही करतो. सर्व्हिसच्या रकान्यात सहीच्या आधी तीन गोष्टी लिहाव्या लागतात: कोणता इंटरलॉक बायपास केला, किल्ली कोणाच्या खिशात होती, आणि डोळ्यांवरच्या चष्म्यावर कोणता पट्टा कोरलेला होता.