तीन मात्रा आणि न सापडणारी सफारी

मॅकवर ऑप्शन-स्पेस दाबून आल्फ्रेड, म्हणजे नाव टाइप करून ॲप आणि फाइली शोधण्या-उघडण्याचं साधन, उघडायचं, एस-ए-एफ टाइप करून एंटर मारायचं, की सफारी ब्राउझर समोर हजर. माउसला हात लावावा लागत नाही. पण नुकतंच मराठी पत्र लिहिलं असेल आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड तसाच चालू राहिला असेल, तर त्याच तीन कळांनी शोधपट्टीत एकार, ओकार आणि ऱ्हस्व इकार उमटतात. तिन्ही मात्रा, व्यंजन एकही नाही. मग सफारी कुठून सापडणार?

मराठीत काम करणाऱ्यांनी आल्फ्रेडमध्ये सगळ्यात आधी करावी अशी सोय याच अडचणीसाठी आहे. त्याच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘फोर्स कीबोर्ड’ म्हणून पर्याय आहे. तिथे इंग्रजी निवडलं की आल्फ्रेड उघडताना कीबोर्ड इंग्रजी होतो. रेकास्ट या तशाच दुसऱ्या साधनातही अशी सोय आहे.

फाइल सापडत नसेल तर मात्र कारण खोलवर असतं. आपण अक्षर टाइप केल्यावर आल्फ्रेड काही सगळी डिस्क चाळत बसत नाही. ॲपलने २००५ साली टायगर या आवृत्तीत स्पॉटलाइट ही मॅकची स्वतःची शोधसोय आणली, तेव्हापासून मॅक पडद्यामागे फाइलींची सूची तयार ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे हे दिलेलं असतं, तशी. फाइल बदलली की सूचीतली नोंदही बदलते. आल्फ्रेड याच सूचीवर विसंबून असतो. म्हणून हरवलेली फाइल आधी स्पॉटलाइटमध्ये शोधून पाहावी. तिथेही नसेल तर सूची बिघडल्याची शक्यता मोठी. स्पॉटलाइटच्या सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या यादीत डिस्क घालून पुन्हा काढली की सूची नव्याने बनते. डिस्क भरलेली असेल तर त्याला काही तास लागू शकतात, तेवढा धीर धरावा. स्पॉटलाइटला सापडते आणि आल्फ्रेडला नाही, असं असेल तर आल्फ्रेडच्या शोधकक्षेत ते फोल्डर आहे का ते बघावं. त्याआधी एवढंच करून पाहावं: आल्फ्रेड मुळात ॲप शोधतो, फाइल हवी असेल तर आधी एकदा स्पेस दाबावी लागते.

निकालांचा क्रम आपल्या सवयीवरून ठरतो, आणि मला या साधनांचं सर्वांत मोठं कौतुक याचंच आहे. एन दाबून आपण दर वेळी नोट्स उघडत असू तर नोट्स वर येतं. कधी नको ते ॲप वर आलं, तर लगेच सगळी स्मृती पुसू नये. चार-पाच वेळा हवं ते निवडावं, क्रम आपोआप सुधारतो.

लघुरूपांचा विस्तार, म्हणजे छोटं रूप टाइप केलं की पूर्ण मजकूर उमटण्याची या साधनांतली सोय, अचानक थांबला, तर पासवर्डच्या रकान्याकडे बघावं. तिथे कर्सर असताना मॅक इतर ॲपना कळा ऐकू देत नाही, आणि ते योग्यच आहे. एखादं ॲप हे संरक्षण उठवायला विसरतं. ते बंद करून पुन्हा उघडलं की काम भागतं.

आता उरल्या मराठी नावांच्या फाइली. ‘वीजबिल’ नावाची फाइल रोमन अक्षरांनी सापडणार नाही. फाइंडरमध्ये ती निवडून कमांड-आय दाबा आणि कॉमेंटच्या रकान्यात तोच शब्द रोमनमध्ये लिहून ठेवा. स्पॉटलाइट तो रकानाही सूचीत घेतं.