कुपीतलं अत्तर आणि हातावरचं अत्तर

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी जेवणाच्या टेबलावर दहा-बारा चिमुकल्या कुप्या मांडल्या जातात. कुठल्याही कुपीत एक-दोन मिलिलिटरच्या वर तेल नसतं. एक मैत्रीण नेरूळहून येते, एक कोपरखैरण्याहून. हाताने थोडंथोडं अत्तर जुळवणाऱ्या छोट्या अत्तरकारांकडून कुणी काय मागवलं असेल, ते थेंबाथेंबाने वाटून घ्यायचं. आमचा नियम एकच. कुपीला नाक लावून मत द्यायचं नाही. एक तेल डाव्या मनगटावर, एक उजव्या, आणि मग घड्याळाकडे बघत गप्पा.

मागच्या वेळी वाळा आणि नागरमोथा असलेलं एकच तेल तिघींनी लावलं. माझ्या हातावर पाचच मिनिटांत पाणी मारलेल्या वाळ्याच्या पडद्यांचा वास आला, आजोळच्या ओसरीवरचा. नेरूळच्या मैत्रिणीच्या मनगटावर तेच तेल धुरकट झालं, विझलेल्या धुपाटण्यासारखं. तिसरीची त्वचा कोरडी आहे. तिच्या हातावर तासाभरात शोधूनही काही सापडेना.

घरातल्या मोठ्यांना हा सगळा नवा नाद वाटतो. पण अंगावर लावून पारखणं ही आपल्याकडची जुनीच रीत. मधल्या काळात ती मागे पडली, आणि ती का मागे पडली हे कळलं की कुपीतला वास हातावर वेगळा का होतो हेही बरंचसं कळतं. माझ्या मते सगळी मेख एकाच प्रश्नात आहे: वास कशात धरून ठेवला आहे?

ठाण्याचं नाव सुगंधाच्या इतिहासात फार आधी येतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने आपल्या वृत्तान्तात ‘ताना’च्या राज्याबद्दल लिहिलं आहे. इथे मिरी किंवा दुसरे मसाले होत नाहीत, पण धूप मुबलक आहे, आणि तो पांढरा नसून तपकिरी, असं तो सांगतो. त्याच्याही सुमारे बाराशे वर्षं आधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-वृत्तान्तात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि भडोचहून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ जहाजांवर चढत असल्याची नोंद आहे. दिवाळीच्या उटण्याची पुडी हुंगली की यातली जटामांसी आजही ओळखू येते.

पण माल असणं वेगळं आणि तो जुळवणं वेगळं. जुळवण्याच्या विद्येला संस्कृतात गंधयुक्ती म्हणत. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त तिच्यावर एक अख्खा अध्याय लिहिला. त्यात एक हिशेब आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतली कुठलीही चार निवडली, तर १८२० जुळण्या होतात. त्या चारांचं प्रमाण बदलत गेलं की आकडा १,७४,७२० वर पोचतो. गणिताच्या इतिहासात हा श्लोक मोलाचा मानतात. मला तो वाचताना गंध जुळवणारा माणूस दिसतो. समोर सोळा डबे, आणि आयुष्य पुरणार नाही इतक्या वाटा.

त्यानंतरची दोन नावं मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावीत अशी आहेत. कल्याणीचा (म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणचा) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ ११३०च्या आसपासचा. राजाच्या उपभोगांमध्ये त्याने विलेपन, म्हणजे अंगाला सुगंधी लेप लावणं, वेगळं सांगितलं आहे. दुसरं नाव ‘गंधवाद’. या संस्कृत ग्रंथाचं हस्तलिखित पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ मध्ये अभ्यासकांपुढे आणलं, आणि त्यावर चक्क मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला. म्हणजे सुगंध कसा करायचा हे मराठीत समजावून सांगणारा कुणीतरी पाचशे वर्षांपूर्वी होता. याच परंपरेतल्या गंगाधराच्या ‘गंधसारा’त सहा क्रिया दिल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. त्यातला ‘बोध’ मला फार आवडतो. बोध म्हणजे जागं करणं. निजलेला गंध दुसऱ्या गंधाने जागा करायचा. हातावर तेल लावून वाट बघताना मला हाच शब्द आठवतो.

या ग्रंथांतला सुगंध बराचसा लेप, चूर्ण, तेल आणि धूप यांतला. आज आपण ज्याला अत्तर म्हणतो ते भट्टीतून येतं. त्याचं मोठं केंद्र उत्तर प्रदेशातलं कनौज. तिथली रीत देग-भपक्याची. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकणाच्या फटी मातीने लिंपलेल्या, तिथून बांबूची नळी निघून पाण्याच्या हौदात बुडालेल्या भपक्यात जाते. त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल ओतलेलं असतं. फुलाची वाफ नळीतून येते, थंड होते आणि चंदनात उतरते. पाणी काढून टाकायचं, दुसऱ्या दिवशी ताजी फुलं, पुन्हा तेच चंदन. असं कित्येक दिवस. फूल येतं आणि जातं, चंदन तिथेच राहून सगळं पीत राहतं.

मुघल दरबारात याला राजाश्रय होता. अबुल फज़लने ‘आईन-इ-अकबरी’त खुशबूखान्याचं वर्णन केलं आहे. जहांगीराच्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानच्या आईच्या नावावर नोंदला आहे. गुलाबपाणी करताना वर आलेला तवंग तिने गोळा केला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तरी अवघी मैफल दरवळते, असं बादशहा लिहितो. थेंब कुठे, तर तळहातावर.

हीच रीत आपल्या घरांत उतरली. लग्नात दाराशी उभं राहून पाहुण्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावायचं, हळदीकुंकवाला अत्तरदाणी आणि गुलाबदाणी फिरवायची. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. माझे आजोबा हिन्याचा फाया कानाच्या वरच्या घडीत ठेवत. लहानपणी ती मला केवळ ऐट वाटायची. आता त्यातली अक्कल कळते. कापूस तेल धरून ठेवतो, कानाची ऊब ते हळूहळू सोडते, आणि त्वचेत काहीच मुरत नाही. कोरड्या कातडीवर अत्तर टिकत नसेल, तर हा उपाय मी आजही सांगते. कोपरखैरण्याच्या मैत्रिणीला सांगितलाही.

मग ही रीत मागे का पडली? एक कारण अल्कोहोल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फारिना या इटालियन अत्तरकाराने जर्मनीतल्या कोलोन शहरात आपलं सुगंधी पाणी विकायला सुरुवात केली, आणि पुढे युरोपात सुगंध स्पिरिटात विरघळवण्याचीच चाल पडली. स्पिरिट अंगावर पडताच उडतं आणि जाताना हलके वास भसकन वर फेकतं. पहिल्या अर्ध्या मिनिटातच माणूस भुलतो. एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेतले वास आले. १८६८ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कुमारीन हे वाळक्या गवताच्या वासाचं द्रव्य तयार केलं आणि १८८२ मध्ये ते एका फ्रेंच परफ्यूममध्ये उतरलं. दुकानांत कागदाची पट्टी आली. कागदाला ना ऊब, ना घाम, ना तेल. तो सगळ्यांसाठी एकसारखा असतो. विकणाऱ्याची त्याने सोय होते, लावणाऱ्याला त्यातून फार थोडं कळतं.

दुसरं कारण चंदनच. ते महागलं. पहिल्या महायुद्धात मैसूरचं चंदन परदेशी जाईना, म्हणून संस्थानाने १९१६ मध्ये तेलाचा कारखाना काढला आणि जगभर नाव कमावलं. पण जंगलातली झाडं तोडीने, चोरीने आणि रोगाने घटत गेली. गेल्या काही दशकांत बहुतेक अत्तरांच्या बुडाशी चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा डीईपी (डायइथाइल थॅलेट) यांसारखं बिनवासाचं रसायन आलं. नाव ‘मोगरा’च राहिलं, पण मोगऱ्याला धरून ठेवणारा हात बदलला. जुन्या माणसांचं ‘पूर्वीसारखं अत्तर राहिलं नाही’ हे वाक्य मी एके काळी सोडून द्यायची. त्यांच्या नाकाने बरोबर पकडलं होतं.

याच काळात ठाण्याच्या वेशीवर दुसरं काही घडत होतं. १९२२ मध्ये सुरू झालेली एस. एच. केळकर कंपनी मुलुंडला वाढली आणि देशभरच्या साबण, उदबत्ती, तंबाखूवाल्यांना सुगंध पुरवू लागली. मुलुंडच्याच वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नवी मुंबईत मुख्यालय असलेली प्रिवी ही कंपनी महाडच्या कारखान्यांत टर्पेंटाइनपासून डायहायड्रोमिरसेनॉलसारखी सुगंधी रसायनं बनवते. धुण्याच्या पावडरीतला तो स्वच्छ, लिंबासारखा वास याचा. आपल्या भागात सुगंधाची नोकरी करणारी इतकी माणसं आहेत आणि घरात मात्र त्याबद्दल बोलणं होत नाही, याची मला खंत वाटते.

तेलातलं अत्तर या सगळ्यात तगून राहिलं. मोहम्मद अली रोडवर, मुंब्र्यात, राबोडीत. अल्कोहोल असलेल्या प्रसाधनांवर १९५५च्या कायद्याने उत्पादन शुल्क होतं, तेलाच्या कुपीला ती कटकट नव्हती. आसामातल्या होजाईहून अगरचं लाकूड घेऊन आलेल्या हाजी अजमल अलींनी १९५०च्या दशकात मुंबईत जम बसवला, आणि ऊदचा, म्हणजे अगरच्या सुगंधाचा, धंदा पुढे आखाती देशांत पोचला. पश्चिमेत १९७६ मध्ये लार्तिझां परफ्यूमरपासून छोट्या, हटके सुगंधघरांची लाट सुरू झाली. २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ब्लॅक फिनिक्स अल्केमी लॅबने तेलातली, बिनस्पिरिटची मिश्रणं विकायला घेतली, आणि तिकडची माणसंही थेंब मनगटावर लावून ‘माझ्यावर हे कसं येतं’ यावर बोलू लागली. आमच्या टेबलावरच्या कुप्या या दोन्ही वाटांनी आलेल्या आहेत.

आता हातावर नेमकं काय होतं, ते. त्वचा साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस गरम असते. या उबेत हलके रेणू आधी उडतात. लिंबाच्या सालीतल्या लिमोनिनचा रेणुभार १३६, चंदनातल्या सॅन्टलॉलचा २२०. म्हणून लिंबू दहा-पंधरा मिनिटांत निघून जातं आणि चंदन संध्याकाळपर्यंत बसून राहतं. तेलाच्या आधाराने हे उडणं मंदावतं. वास फार लांब जात नाही, अंगाजवळ राहतो. तेलकट त्वचा वास धरून ठेवते, कोरडी पिऊन टाकते, घाम त्यात आपलं मिसळतो. जुलैत ठाण्यात लावलेला केवडा आणि जानेवारीत लावलेला केवडा यांच्या नोंदी माझ्या वहीत इतक्या वेगळ्या आहेत, की मी आता महिना लिहिल्याशिवाय पान सुरूच करत नाही.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. पुरुषांनी काखेत कधी स्वतःच्या आवडीचा सुगंध लावला, कधी संशोधकांनी दिलेला. हुंगणाऱ्यांना अंगाचा वास आणि स्वतः निवडलेला सुगंध यांचं मिश्रण जास्त आवडलं. माणूस नकळत आपल्या अंगाला जुळेल तेच उचलतो.

आणि अर्धा फरक नाकाचाच. गंध टिपणाऱ्या ग्राहींचं जनुककुळ लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उलगडलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे चारशेच्या आसपास ग्राही काम करतात, आणि ते सगळ्यांचे सारखे नसतात. व्हायोलेट फुलातला बीटा-आयोनोन काहींना स्पष्ट फुलासारखा लागतो, काहींना आंबूस. हा भेद मुख्यतः एका जनुकामुळे पडतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून आमच्यात ‘तुझ्या हातावर मला’ असं बोलायची सवय लागली. नुसतं ‘वास असा आहे’ म्हणणं अपुरं पडतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नेरूळच्या मैत्रिणीने बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचं फळ भरपूर असलेलं एक तेल लावून तिथल्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ बागेतल्या तळ्याभोवती सकाळी फेऱ्या मारल्या. दोन दिवसांनी मनगटावर तपकिरी डाग उमटला, तो जायला काही महिने लागले. बर्गमॉटच्या तेलातलं बर्गॅप्टेन उन्हात त्वचा भाजतं. म्हणूनच १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इफ्रा’ या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत या तेलाला ०.४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्या कुपीवर उन्हाबद्दल एक अक्षर नव्हतं. तेव्हापासून कुठलंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं लावायचं, एक-दोन दिवस थांबायचं, आणि लिंबूवर्गीय असेल तर बाही खाली ठेवायची, हे आम्ही पाळतो.

राबोडीत मी ज्या चाचांकडे जाते, त्यांच्याकडे कागदाची पट्टी नाही. काचेची कांडी बुडवून ते हाताच्या पाठीवर एक रेघ ओढतात आणि बाटली बंद करतात. मागच्या डिसेंबरात शमामा या मसाल्यांच्या अत्तराची रेघ ओढून घेतली आणि मी लगेच पाकीट काढलं, तर म्हणाले, “ताई, आज घेऊ नका. रात्री झोपताना वास घ्या, सकाळी अंघोळीआधी घ्या. पटला तर या.” रात्री हातावर लवंग आणि जायफळ होतं. सकाळी ते दोन्ही गेले होते आणि खाली, कातडीला अगदी चिकटून, जुन्या कपाटातल्या रेशमी साडीसारखा एक वास उरला होता. दुपारी जाऊन अर्धा तोळा घेतलं.