टूल-रेस्ट बरोबर मध्यरेषेवरच हवा?

कुपवाड एमआयडीसीत टर्नर म्हणून, म्हणजे लोखंड फिरवून कातणाऱ्या लेथ यंत्रावर, काम केलेला माणूस घरी लाकडाचा लेथ बसवतो, तेव्हा टूल-रेस्टबद्दल, म्हणजे पटाशी टेकवायच्या आडव्या पट्टीबद्दल, हमखास सांगतो, "टूल-रेस्टची कड स्पिंडलच्या (फिरत्या दांड्याच्या) मध्याला भिडव, नाहीतर काम बिघडतं." सांगली-मिरजेकडं हा सल्ला ऐकू येतो. लोखंडाच्या लेथवर त्याला अर्थ आहे. तिथं कापायचं टूल 'टूल पोस्ट' नावाच्या पकडीत घट्ट आवळलेलं असतं. टोक मध्याच्या खाली राहिलं, तर फेसिंग करताना (तोंड सपाट कापताना) मधोमध न कापलेलं बोंड उरतं.

पण तो नियम टूलच्या धारेचा, रेस्टचा नव्हे! लाकडाच्या लेथवर पटाशी हातात असते, रेस्टवर फक्त टेकलेली. ८ मिमी जाडीचा स्क्रेपर (खरवडायची सपाट पटाशी) आडवा धरायचा, तर रेस्ट मध्यापेक्षा तेवढाच खाली हवा, तरच वरची धार मध्यावर येते. गोल पटाशीचा हिशेब निराळाच. मूठ खाली, धारेमागचा उतार लाकडाला टेकलेला, आणि काप मध्याच्या वर. लाटणं कातताना रेस्ट किती उंच, हे पटाशी आणि कातणाऱ्याची उंची मिळून ठरवतात.

रेस्ट आणि लाकूड यांतली फट मात्र खरोखर महत्त्वाची. ती थोडीच ठेवा, ३ ते ५ मिमी. लाकूड बारीक होत गेलं की फट वाढते, पटाशी अडकून उसळते. लेथ बंद करून रेस्ट पुढं सरकवा, बँजो (रेस्ट धरणारा सरकता पाया) आवळा, लाकूड हातानं एक फेरा फिरवून पाहा, मगच बटण दाबा.