पौंड, फूट आणि तास: वस्तुमान प्रवाह-घनतेचे रूपांतर

एखाद्या पृष्ठभागाच्या एक एकक क्षेत्रफळातून एक एकक वेळात जेवढे वस्तुमान पार होते, त्याला वस्तुमान प्रवाह-घनता म्हणतात. मेट्रिक पद्धतीत ती किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद या एककात मांडतात, तर जुन्या ब्रिटिश पद्धतीत, आणि अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या बऱ्याच ग्रंथांत आजही, पौंड प्रति चौरस फूट प्रतितास असे एकक आढळते. नाव अवजड असले तरी ही राशी आपल्या ओळखीची आहे, कारण पाऊस हे तिचेच उदाहरण होय. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तेथे एक लिटर, म्हणजे जवळजवळ एक किलोग्रॅम पाणी साचते. त्यामुळे हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत पावसाचा वेग मिलिमीटरऐवजी थेट किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद असा लिहिलेला दिसतो.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९४४ किलोग्रॅम पाणी पडले, आणि त्याला ८६,४०० सेकंदांनी भागले असता सरासरी प्रवाह-घनता ०.०१०९ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद येते. यातला बराचसा पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला असल्याने प्रत्यक्षातला कमाल आकडा या सरासरीहून पुष्कळच मोठा होता, पण रूपांतर समजून घेण्यासाठी सरासरी पुरेशी आहे. हाच पाऊस ब्रिटिश एककांत ८.०६ पौंड प्रति चौरस फूट प्रतितास एवढा भरतो.

हा आकडा येतो कसा? येथे वस्तुमान, क्षेत्रफळ आणि वेळ अशी तीन रूपांतरे एकाच वेळी करावी लागतात. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी ठरवल्याप्रमाणे एक पौंड म्हणजे तंतोतंत ०.४५३५९२३७ किलोग्रॅम आणि एक फूट म्हणजे तंतोतंत ०.३०४८ मीटर. फुटाचा वर्ग केला की ०.०९२९०३०४ चौरस मीटर मिळतात, आणि पहिल्या आकड्याला या आकड्याने भागले की ४.८८२४ हा गुणक हाती येतो. एक पौंड प्रति चौरस फूट प्रतिसेकंद म्हणजे ४.८८२४ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद. मूळ आकडा प्रतितास दिलेला असेल, तर या गुणकाला आणखी ३,६०० ने भागावे लागते आणि तो ०.००१३५६२३ होतो. फुटाचा वर्ग करायचा राहून गेला तर उत्तर सुमारे ३.२८ पटीने चुकते, आणि एवढी चूक अनेकदा डोळ्यांना खटकतही नाही. तासाचा सेकंद करायचा राहिला तर मात्र चूक हजारो पटींची असते, म्हणून ती निदान लवकर उघड होते.

अणुभट्टीच्या क्षेत्रात या राशीला विशेष महत्त्व आहे. तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या आहेत. अशा भट्टीत इंधनाच्या कांड्यांच्या मधल्या जागेतून पाणी वर वाहते आणि वाहता वाहता उकळते. ते पुरेशा प्रवाह-घनतेने वाहिले नाही, तर कांडीच्या पृष्ठभागाभोवतीचा पाण्याचा थर नाहीसा होतो, तेथे वाफच उरते आणि कांडीचे तापमान झपाट्याने चढते. अमेरिकी साहित्यात ही घनता दहा लाख पौंड प्रति चौरस फूट प्रतितास या मापाने सांगण्याची पद्धत आहे. असे एक माप म्हणजे १,३५६ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्याने हा एक आकडा पाठच केलेला बरा.

खरी कसोटी पुढे आहे. दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी एल. एस. टाँग यांनी १९६७ मध्ये डब्ल्यू-३ हे प्रयोगांवर आधारलेले समीकरण मांडले. कांडीच्या पृष्ठभागातून जास्तीत जास्त किती उष्णता सुरक्षितपणे बाहेर पडू शकते, हे त्यावरून काढतात. ते दहा लाख ते पन्नास लाख पौंड प्रति चौरस फूट प्रतितास, म्हणजे सुमारे १,३५६ ते ६,७८० किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद, या मर्यादेत वापरायचे आहे. त्यातले स्थिरांक ब्रिटिश एककांशी बांधलेले असल्याने केवळ प्रवाह-घनतेचा आकडा बदलून भागत नाही. मूळ समीकरणातला १.०३७ हा अंक मेट्रिक रूपात ३,२७१ होतो आणि प्रवाह-घनतेला २.३२६ ने गुणावे लागते. हा २.३२६ कोठून आला हे पाहण्यासारखे आहे. उष्णता-प्रवाहाचे आणि वस्तुमान-प्रवाहाचे रूपांतर एकमेकांना भागले की क्षेत्रफळ आणि वेळ दोन्ही कटतात, आणि एक बीटीयू (ब्रिटिश पद्धतीतले उष्णतेचे एकक) प्रति पौंड म्हणजे किती किलोज्यूल प्रति किलोग्रॅम, एवढेच उरते.

ब्रिटिश पद्धतीत पौंड हा शब्द वस्तुमानासाठीही वापरतात आणि बलासाठीही. नळीतला दाब किती घटतो हे प्रवाह-घनतेच्या वर्गावर अवलंबून असते, आणि तेथे दोन्ही पौंड समोरासमोर येतात. त्यामुळे सूत्रात ३२.१७४ हा अंक (फूट आणि सेकंदांतले गुरुत्व-त्वरणाचे मूल्य) घालावाच लागतो. वेळ तासांत घेतली असेल तर त्याच अंकाचे ४१.७ कोटी होतात. मेट्रिक पद्धतीत या अंकाची जागा एक घेतो आणि तो लिहायचीही गरज पडत नाही. मेट्रिक पद्धतीचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

रूपांतर बरोबर झाले की नाही हे तपासण्याचा सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे रेनॉल्ड्झ अंक, म्हणजे प्रवाह संथ आहे की खळबळता हे सांगणारा अंक. प्रवाह-घनतेला नळीच्या व्यासाने गुणून द्रवाच्या श्यानतेने (वाहण्याला होणाऱ्या त्याच्या अंतर्गत विरोधाने) भागले की तो मिळतो, आणि त्याला एकक नसल्याने दोन्ही पद्धतींत तो सारखाच यायला हवा. अर्ध्या इंचाची नळी, दहा लाख पौंडांची प्रवाह-घनता आणि सुमारे २८५ अंश सेल्सिअसच्या पाण्याची ०.०९ मिलिपास्कल-सेकंद एवढी श्यानता घेऊ. मेट्रिकमध्ये १,३५६.२३ गुणिले ०.०१२७ भागिले ०.००००९, म्हणजे सुमारे १,९१,४००. ब्रिटिश एककांत व्यास ०.०४१६७ फूट आणि श्यानता ०.२१७७ पौंड प्रति फूट प्रतितास घेतली की तेथेही सुमारे १,९१,४०० हेच उत्तर येते. श्यानता मात्र दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे रूपांतरित केलेली असावी. प्रवाह-घनतेत झालेलीच चूक श्यानतेतही झाली, तर हा पडताळा ती पकडू शकत नाही.