घाटरस्ते आणि जुन्या गाड्या: चढ-उताराच्या सवयी कुठून आल्या

डोंगरातल्या अरुंद, आडवाटेच्या रस्त्यावर गाडी चालवण्याचे काही नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. चढणाऱ्याला आधी वाट द्या. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या. पाण्याचा डबा भरल्याशिवाय घाट धरू नका. नव्या गाडीत बसलेल्याला हे सगळे शिष्टाचारासारखे वाटते. पण यातला एकेक नियम जुन्या गाडीच्या एकेका दुबळेपणातून आलेला आहे, आणि तो दुबळेपणा कळला की नियम पाठ करावा लागत नाही.

मुळात हे रस्ते मोटारीसाठी बांधलेच नव्हते. आल्प्समधला सिंप्लॉन घाट नेपोलियनने 1801 ते 1805 या काळात तोफा पलीकडे नेण्यासाठी करवून घेतला. स्टेल्व्हिओचा रस्ता कार्लो दोनेगानी या अभियंत्याने 1820 ते 1825 मध्ये बांधला. तो 2,757 मीटर उंचीवर जातो आणि त्याच्या एका बाजूला 48 हेअरपिन वळणे आहेत. एवढी वळणे का, तर ओझे ओढणाऱ्या जनावराला दम न तुटता चढता यावे म्हणून. चढ किती ठेवायचा हे घोडा ठरवत होता. त्यामुळे मोठे नावाजलेले घाट लांबलचक असले तरी मोटारीला तसे सोपे गेले. खरी परीक्षा होती ती गावागावांना जोडणाऱ्या आडरस्त्यांची. तिथे कुणी अभियंता गेलेला नसे. खेचरांची पायवाट रुंद करत करत रस्ता झालेला, आणि चारास एक असा चढही मध्येच समोर उभा राही.

रस्त्याचा पृष्ठभागही लोखंडी धावेच्या चाकांसाठी होता. जॉन मॅकॅडमच्या पद्धतीत फोडलेली खडी साधारण 25 सेंटीमीटर जाडीने पसरत, आणि एकही खडा 6 औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे 170 ग्रॅमपेक्षा जड नसावा असा दंडक होता. लोखंडी धाव खडी चिरडे, तिची भुकटी फटींत बसे आणि रस्ता आपोआप घट्ट होत जाई. रबरी टायरने नेमके उलटे केले. वेगाने जाणारा टायर फटींतली भुकटी बाहेर खेचतो, मग खडी सुटी होते आणि चढावर मागचे चाक तिच्यातच फिरत बसते. मोटार आली तसा धुळीचा त्रास वाढला तो यामुळे. 1902 मध्ये मोनॅकोत डॉ. गुल्येल्मिनेत्ती यांनी रस्त्यावर डांबर ओतून पाहिले, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हूली यांनी डांबरी खडीचे पेटंट घेतले. डोंगरातल्या आडरस्त्यांपर्यंत डांबर पोहोचायला मात्र पुढे कित्येक दशके गेली.

लोकांनीही मोटारीचे स्वागत केले असे नाही. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात 1900 पासून 1925 पर्यंत मोटारींना बंदी होती. अरुंद रस्त्यावर घोडे बुजतात, ही तक्रार अगदी खरी होती.

चढ: पेट्रोल, पाणी आणि हवा

1908 ते 1927 या काळात दीड कोटींहून जास्त विकली गेलेली फोर्ड मॉडेल टी जगभरच्या कच्च्या रस्त्यांवर धावली. तिचे इंजिन 2.9 लिटरचे, ताकद 20 अश्वशक्ती. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आणि पंप नाही. पेट्रोल उताराने कार्बुरेटरकडे, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, वाहत जाई. गाडीचे नाक वर झाले आणि टाकी निम्म्याहून रिकामी असली, की कार्बुरेटर टाकीच्या वर जाई आणि इंजिन तहानलेले बंद पडे. उपाय सगळ्यांना ठाऊक होता: गाडी वळवायची आणि चढ उलटा चढायचा.

हा उपाय पेट्रोलपुरता नव्हता. या गाडीत तीन पेडल होती. डावे पूर्ण दाबले की लो गिअर, पूर्ण सोडले की हाय, अर्धे दाबले की न्यूट्रल. मधले रिव्हर्सचे आणि उजवे ब्रेकचे. लो गिअरचे गुणोत्तर 2.75 आणि रिव्हर्सचे 4, म्हणजे रिव्हर्स हा त्या गाडीतला सगळ्यात ताकदवान गिअर होता. शिवाय तेलाला पंप नसल्याने तीव्र चढावर तेल मागे साचून पहिल्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कोरडे पडे. उलटे चढताना ते खालच्या बाजूला येई आणि भिजलेले राही. एका युक्तीत तीन दुखणी बरी होत. सरळ चढायचे तर डावे पेडल अख्खा चढभर तळाला दाबून धरावे लागे. पाय कंटाळून थोडा जरी उचलला तरी गिअरच्या ड्रमला आवळणारा पट्टा, म्हणजे बँड, घसरे आणि त्याचे सुती लायनिंग जळे. 1926 च्या सुमारास बऱ्याच मॉडेलांत टाकी वर, बॉनेटच्या मागे नेली गेली आणि पेट्रोलचा प्रश्न सुटला.

इतर गाड्यांनी टाकी मागे ठेवून इंजिनच्या ओढीने पेट्रोल वर खेचणारी व्हॅक्यूम टाकी वापरली. तिचे दुखणे वेगळे. लांब चढावर ऍक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला की इनटेकमधली ओढ जवळपास संपते, छोट्या टाकीतले पेट्रोल संपत जाते आणि गाडी अचानक मिस मारू लागते. अशा वेळी आणखी दाबून उपयोग नाही. क्षणभर पाय उचलायचा, ओढ परत येते, टाकी भरते. अनुभवी चालक हे बिघाड होण्याआधीच, सपाट तुकडा मिळेल तिथे करून घेत.

मेकॅनिकल पंप आले आणि व्हेपर लॉकचा त्रास समोर आला. तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ओढत राहतो. गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि पंपावर ओले फडके ठेवायचे. नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावण्याची पद्धतही दिसते, पण चिमट्याने उष्णता हटत नाही. ते लावेपर्यंत गेलेला वेळच गाडीला थंड करतो. ओले फडके मात्र खरोखर काम करते.

पाणी उकळण्यामागे उंचीचाही हात असतो. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो. 2,500 मीटरवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळते. दाब धरणारे रेडिएटरचे झाकण सर्रास येण्याआधी वाचवणारे दुसरे काही नव्हते. त्यात हवा विरळ होऊन इंजिनाची ताकद त्याच उंचीवर सुमारे पाव भागाने घटते, आणि कार्बुरेटर पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी करत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होते, प्लग काळे पडतात. बराच काळ वर राहायचे असेल तर कार्बुरेटरमध्ये लहान जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) घालणे हाच नीट उपाय.

वारा पाठीमागून असेल तर अजूनच वाईट, कारण कमी वेगात रेडिएटरमधून हवा जातच नाही. म्हणून उकळलेली गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. झाकण लगेच उघडायचे नाही. वाफ ओसरली की इंजिन हळू चालू ठेवून पाणी थोडे थोडे घालायचे. तापलेल्या, रिकाम्या ब्लॉकमध्ये थंड पाण्याची बादली ओतली तर बीड तडकते, आणि तो तडा रस्त्यावर दुरुस्त होत नाही. रस्त्याकडेचे घोड्यांचे हौद या कामी फार आले. मोटारी आल्यावरही त्यांची किंमत कमी झाली नाही.

गिअर: डबल क्लच

सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवून घेणारा, गिअरबॉक्स पहिल्यांदा 1928 मध्ये कॅडिलॅकने दिला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांचे सगळे गिअर, आणि पुढे कित्येक वर्षे बऱ्याच गाड्यांचा पहिला गिअर, दाते जुळवल्याशिवाय पडत नसत. घाटात खालचा गिअर टाकायचा म्हणजे डबल क्लच मारायचा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिन रेस करा, पुन्हा क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. रेस किती करायची यात सगळी कला आहे, आणि तिचा हिशेब सरळ आहे. तिसऱ्याचे गुणोत्तर 1 आणि दुसऱ्याचे 1.6 असेल, आणि इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर दुसऱ्यात त्याच वेगाला 3,200 फेरे लागतात. न्यूट्रलमध्ये इंजिन तिथवर चढवले तर लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. कमी पडले तर खरखर, आणि दाते झिजतात.

चढावर हे चुकले तर गाडी थांबते. उतारावर चुकले तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, दर सेकंदाला वेग वाढतो आणि खालचा गिअर पडण्यासाठी लागणारे फेरेही तितकेच वाढत जातात. थोड्याच वेळात तो गिअर पडणे अशक्य होते. उतार सुरू होण्याआधीच गिअर टाकून घ्या, हा नियम इथला आहे.

उतार: सगळ्यात जास्त माणसे इथे गेली

1,200 किलोची गाडी 1,000 मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने 35 लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत तापेल. ती इंजिनाने आणि हवेने घेतली नाही तर ब्रेकच्या ड्रमना, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यांना, घ्यावी लागते.

सुरुवातीच्या गाड्यांना फक्त मागच्या चाकांवर ब्रेक असत. मॉडेल टीचे ब्रेक पेडल तर गिअरबॉक्समधल्या ड्रमवर चाले. मागचा शाफ्ट किंवा ऍक्सल तुटला की पायाखाली काहीच उरत नसे. चालक उतारावर लो गिअर धरून ठेवत आणि ब्रेकचा बँड वाचवण्यासाठी मध्येच रिव्हर्सचे पेडल हलकेच दाबत. मागच्या चाकांवर बसवायचे जोड-ब्रेक नंतर वेगळे विकत मिळू लागले. त्यातल्या एका प्रसिद्ध प्रकाराचे नावच रॉकी माउंटन होते. त्याहून आधीच्या काही गाड्यांना मागे बिजागरीचा लोखंडी दांडा असे. चढावर गाडी मागे घसरू लागली की तो जमिनीत रुते. तीव्र उतारावर तोडलेले झाड दोराने मागे बांधून फरफटत नेण्याची पद्धतही होती.

चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणारे, ब्रेक 1921 मध्ये ड्यूझेनबर्गने दिले, 1924 मध्ये क्रायस्लरने ते सामान्य गाडीत आणले. फोर्डने मात्र 1939 पर्यंत सळयांचेच ब्रेक ठेवले. सळया किंवा केबल एकसारख्या ताणलेल्या नसतील तर गाडी एका बाजूला ओढते, आणि घाटात ती बाजू दरीची असू शकते. म्हणून घाटाआधी चारही चाके उचलून ब्रेक सारखे लागतात का ते पाहण्याला पर्याय नव्हता.

ब्रेक दोन प्रकारे जातात आणि दोन्ही पायाला वेगळे कळतात. लायनर तापून त्याची पकड गेली तर पेडल घट्ट लागते, पण कितीही जोर केला तरी गाडी थांबत नाही. जळका वास आधीच आलेला असतो. ऑइलमध्ये वाफ झाली तर पेडल मऊ पडून तळाला जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा वाढेल तसे ते लवकर उकळते. जुन्या गाडीतले ऑइल घाटाआधी बदलण्याचे कारण हे. हँडब्रेक वेगळा आधार वाटतो, पण बहुतेक गाड्यांत तो मागच्या त्याच तापलेल्या ड्रमवर लागतो.

ब्रेक हलका हलका सतत दाबून उतरणे ही सगळ्यात महागात पडणारी सवय. गिअरने वेग धरायचा, वाढला तर ठामपणे दाबून कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रमला हवा लागते. फ्रीव्हील (ऍक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांपासून सुटे करणारी सोय) असलेल्या गाडीत उतारापूर्वी ते लॉक करावे लागते, नाहीतर इंजिन गाडीला अजिबात अडवत नाही. जुन्या साब टू-स्ट्रोक गाड्यांत फ्रीव्हील मुद्दाम दिलेले होते: तेल पेट्रोलमधूनच येत असल्याने ऍक्सिलरेटर सोडून लांब उतरले तर इंजिन कोरडे पडते.

समोरासमोर आल्यावर चढणाऱ्याला वाट, याचे कारण आता उघड आहे. चढावर थांबलेली जुनी गाडी पुन्हा हलवणे म्हणजे क्लच जाळणे, आणि कधीकधी ती हलतही नसे. स्वित्झर्लंडमध्ये तर टपाल बसला डोंगरी रस्त्यांवर कायद्यानेच अग्रक्रम मिळाला, आणि तिचा तीन सुरांचा हॉर्न वळणापलीकडून आधीच ओळखू येई.

टायर फुटणे रोजचेच होते. सुरुवातीच्या गाड्यांना जादा चाकच नसे. 1904 मध्ये वेल्समधल्या लनेथ्ली गावी आऱ्यांशिवायचे, फुटलेल्या चाकालाच क्लॅम्पने जोडायचे जादा चाक निघाले. कारखान्याचा पत्ता स्टेपनी स्ट्रीट, आणि आपण आजही जादा चाकाला स्टेपनी म्हणतो ती इथून.

घाट उतरून थांबताना तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नये. ड्रम थंड होताना आकसतो आणि आतून दाबलेल्या ब्रेकच्या शूवर आवळला जातो. पाणीही मारू नये, बीड तडकते. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड लावायचा. निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या पार कडेला टाकायचा, कारण वळणावर मधोमध राहिलेला दगड रात्रीच्या मिणमिणत्या सहा व्होल्टच्या दिव्यांत दिसत नाही.